पहिली हाफ घाटात पळावी

पाऊस सुरू झाला की या सदराच्या टपालात एक प्रश्न हमखास येतो. दहा किलोमीटर आरामात जमू लागलेत, आता पहिली हाफ मॅरेथॉन कुठली पळू? प्रश्नाला बहुधा एक पुरवणीही जोडलेली असते : मार्ग सपाट असावा, टाइमिंग चांगलं यायला हवं. माझं उत्तर या पुरवणीच्या नेमकं उलट आहे. सपाट मार्ग नको आणि स्वतःचं शहरही नको. शनिवारी बॅग भरा, साताऱ्याला जा आणि रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट पळा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते आहे. साधारण ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. शहरातून निघायचं, यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. जवळजवळ अर्धी शर्यत चढाची, अर्धी उताराची. नोंदणी काही महिने आधी उघडते आणि लवकर भरते. पहिल्यांदा एकवीस पळणाऱ्याला अनुभवी मंडळी सांगतात, ‘हा मार्ग तुझ्यासाठी नाही, आधी एखादी सपाट कर.’ ती चुकीचं बोलत नाहीत. त्यांचा हिशेब टाइमिंगचा असतो, आणि पहिल्या खेपेला नेमका तोच हिशेब बाजूला ठेवायला हवा असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडच्या रनिंग ग्रुपांत ‘सब-टू’ या शब्दाला नको तितकं वजन आलंय. सब-टू म्हणजे दोन तासांच्या आत हाफ, म्हणजे सलग एकवीस किलोमीटर दर किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद किंवा त्याहून कमी. वर्षानुवर्षं पळणाऱ्याने हे लक्ष्य ठेवावं, छान आहे. पण सहा-आठ महिन्यांपूर्वी पळायला लागलेला माणूस ग्रुपवरचे आकडे बघून हेच मनात धरतो, पहिले आठ किलोमीटर जोशात काढतो आणि चौदाव्यानंतर फरफटत येतो. शर्यत पूर्ण करूनही चेहरा पडलेला. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा एकवीस किलोमीटर पायी कापले, त्याने सोमवारी ऑफिसात ओशाळून ‘दोन-सतरा लागली हो’ म्हणावं, यासारखी हास्यास्पद गोष्ट नाही.

वेळ कुणी बघायची? ज्याचा तो पेशा आहे त्याने. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2020 साली दिल्लीत हाफ मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. तिथे सेकंदाला अर्थ आहे. आपली दोन-सतरा आणि दोन-पस्तीस यांतल्या फरकाने जगात कुणाचंच काही बिघडत नाही.

वेळेचा हा हट्ट घाट मुळातूनच मोडतो. साताऱ्याचं टाइमिंग मुंबईच्या किंवा पुण्याच्या टाइमिंगशेजारी ठेवताच येत नाही, त्यामुळे तुलना तिथेच संपते. चढावर घड्याळातला पेस बघून उपयोग नसतो. श्वास बघावा लागतो. शेजारच्याशी एखादं वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. शब्द तुटायला लागले की चालायला लागायचं. आणि तिथे बरेच जण चालतात. सपाट रस्त्यावर चालायला लाजणारा माणूस घाटात निमूट चालतो. पळणं आणि चालणं मिळून अंतर कापायचं असतं, ही लांब पल्ल्याची पहिली शिकवण सपाटीवर पटायला दोन-तीन शर्यती जातात. घाटात ती पाचव्या-सहाव्या किलोमीटरलाच पटते.

परगाव का, यालाही कारण आहे. आपल्या शहरात शर्यतीच्या आदल्या दिवशी आपण भाजी आणतो, कुणाच्या तरी वाढदिवसाला जातो आणि रात्री साडेअकराला बूट शोधतो. बाहेरगावी गेलं की शनिवार आपोआप रिकामा होतो. पुण्याहून सातारा सुमारे 110 किलोमीटर. खंबाटकी ओलांडली की मन घरच्या कामांतून सुटतं. दुपारी बिब आणि टायमिंग चिप घ्यायची, मोजे-बूट-टीशर्ट खुर्चीवर काढून ठेवायचे, बिबला पिना लावायच्या आणि नऊला आडवं व्हायचं. झोप लागेलच असं नाही. काही बिघडत नाही, दोन दिवस आधीची झोप झाली असली की पुरते.

धोका रिकाम्या शनिवारचाच. साताऱ्यात आलोच आहोत तर सज्जनगडाच्या पायऱ्या चढू, ठोसेघरचा धबधबा बघू, अजिंक्यताऱ्यावर जाऊ, रात्री झणझणीत रस्सा ओरपू, असं कुटुंबातलं कुणीतरी म्हणणारच. पळणाऱ्याने यातलं काही करू नये. वरण-भात, बटाट्याची साधी भाजी, दही चालत असेल तर दही, आणि खरडा रविवार दुपारपर्यंत लांब. हाफसाठी पोटात ठासून भरायची गरज नसते. नेहमीच्या जेवणात भात-पोळीचा वाटा थोडा वाढवला की काम भागतं. मात्र घरच्यांचा शनिवार आपल्या पायांसाठी खोलीत डांबून ठेवणं हा अन्याय आहे. त्यांना ठोसेघरला खुशाल पाठवा. पळणाऱ्याच्या मागे बॅगा आणि छत्र्या सांभाळत उभं राहणं हा कुणाचा वीकेंड होऊ शकत नाही.

आता आक्षेपाकडे. घाट पहिल्यांदाच करणाऱ्याच्या शरीराला झेपेल का? तयारी केली तर झेपतो. लांब पल्ल्याचा रविवार हळूहळू सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत न्यायचा आणि आठवड्यातून एक दिवस चढाला द्यायचा. पुणेकरांना वेताळ टेकडी आणि सिंहगड आहे, कोल्हापूरकरांना जोतिबाचा डोंगर, दक्षिण मुंबईकरांना पेडर रोडचा चढ. ज्यांच्या गावात उंचवटाच नाही त्यांना उड्डाणपुलाची पहाट किंवा सोसायटीचे जिने. रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असेल किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच बूट बांधले असतील, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टर. यात घाट आणि सपाटी असा भेद नाही.

चढाची भीती सगळ्यांना असते, घात मात्र उतार करतो. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात. भरलेली कळशी हाताने सावकाश खाली ठेवताना दंड जसा भरून येतो, तसंच. शरीरशास्त्रात हे सर्वांत जास्त सूक्ष्म इजा करणारं काम मानलं जातं. ती जाणवते मात्र उशिरा. रविवारी दुपारी आपण खुशीत असतो. सोमवारी आणि मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून तयारीत उतारही हवा आणि शर्यतीत उतारावर लांब ढांगा टाकायच्या नाहीत. पावलं छोटी, जलद, गुडघा किंचित वाकलेला, टाच पुढे आपटायची नाही. वर पोहोचल्यावर ‘आता सगळं खालीच आहे’ म्हणत सुसाट सुटणाऱ्यांना शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये, शहरात शिरल्यावर, पायांत गोळे येतात.

पाण्याचंही सांगायला हवं. मुंबईच्या दमट हवेत सराव केलेला माणूस साताऱ्यातही त्याच बेताने पितो. पावसाळी गारव्यात तेवढा घाम जात नसतो. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांचं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. सर्वाधिक धोका कुणाला होता? धावताना वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असलेल्यांना, म्हणजे सावकाश धावणाऱ्यांना. तेव्हा प्रत्येक टेबलावर थांबून ग्लास रिचवायचा नाही. तहान लागली की घोट घ्यायचा, मीठ-साखर असलेलं काहीतरी अधूनमधून. बाकी नियम जुनाच : शर्यतीच्या दिवशी नवा बूट नाही, नवं जेल नाही. पावसात भिजलेला टीशर्ट काखेत आणि छातीवर सोलून काढतो, म्हणून व्हॅसलीन विसरायचं नाही.

इतकं सगळं करूनही साताऱ्याचा खरा फायदा अजून सांगायचा राहिला आहे. या जिल्ह्यात पळणं हा छंद म्हणून आलेला नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी गावातून निघाली आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक प्रकारात ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. याच जिल्ह्यात अपशिंगे आहे, ज्याच्या नावालाच गावकरी ‘मिलिटरी’ जोडतात, कारण घरटी कुणीतरी फौजेत. इथल्या मैदानांवर पहाटे पळणारी पोरं-पोरी भरतीची असतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. त्यांच्यासाठी सेकंदाचा अर्थ गुण आहे, गुणाचा अर्थ नोकरी. आपण महागडे बूट घालून, शुल्क भरून, हॉटेलात राहून जे करायला जातो, ते कुणीतरी तिथे जुन्या बुटांत पोटासाठी करतंय. पहिली हाफ पळणाऱ्याच्या डोक्यातली हवा जायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

म्हणून वागणंही पाहुण्याचं हवं. ज्या रस्त्यावर आपण रविवारी पळतो, तो कासकडच्या गावांचा रोजचा रस्ता आहे. त्यांनी आपल्यासाठी सकाळ थांबवलेली असते. कासचं पठार ज्या पश्चिम घाटाचा भाग आहे, त्याला 2012 साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, तेव्हा जेलची रिकामी पाकिटं त्याच्या कडेला भिरकावू नयेत, खिशात घालावीत. वाटेत ढोल वाजवणाऱ्या, संत्र्याच्या फोडी पुढे करणाऱ्या पोरांना कानातले इअरफोन काढून उत्तर द्यावं. आणि मेडल गळ्यात पडताच गाडीला किल्ली लावून दुपारच्या आत पुणं गाठण्याची घाई करू नये. इथल्या खानावळीत जेवावं, कंदी पेढे घ्यावेत, जमल्यास सोमवारची रजा टाकून राहावं. तसंही सोमवारी गाडीचा क्लच दाबवणार नाही.

गावात पाहुणे आणणाऱ्या संयोजकांनाही एक सांगणं आहे. मोठ्या शर्यतींच्या व्यासपीठावर आणि जाहिरातीत वेगवान मंडळीच झळकतात. पहिल्यांदा पळणाऱ्यांना बिबवर वेगळा रंग द्या. घाटात चालणाऱ्या त्या रंगाला लोक आपणहून हाक मारतील. आणि कटऑफच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत माइक बंद करून मांडव सोडवायला घेऊ नका. त्या वेळी येणारा माणूस सर्वाधिक काळ रस्त्यावर राहिलेला असतो.

सपाट शर्यती कुठे जात नाहीत. जानेवारीत मुंबई आहे, हिवाळाभर गावोगावी इतर आहेत. घाट पळून आलेल्याला त्यांचा मार्ग सोपा वाटतो, चालायची लाज गेलेली असते, सुरुवातीला हात आखडता घ्यायची सवय लागलेली असते. सब-टूचा विचार तेव्हा करा. तोवर ऑफिसात कुणी वेळ विचारलीच, तर यवतेश्वर चढून आलो एवढं सांगा. ज्याला घाट माहीत आहे तो पुढचा प्रश्न विचारणार नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला दोन-सतराचाही अर्थ कळणार नाही.