ड्राफ्टमधला मेल

शनिवारी नेसरीला गेलो होतो. गडहिंग्लज तालुक्यातलं गाव, प्रतापराव गुजरांचं स्मारक आणि कोल्हापूरकर मित्राचा हट्ट. खिशात मोबाईल, आणि मोबाईलच्या ड्राफ्टमध्ये एक मेल. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये एका सहकाऱ्यानं स्वतःची चूक माझ्या नावावर खपवली होती. उत्तर झक्कास जमलं होतं. सीसीमध्ये अख्खं डिपार्टमेंट. फक्त 'सेंड' बाकी.

मोबाईल काढला, तर वॉलपेपरवर योसेफ! १६५५ सालचं, रेम्ब्रांटच्या कार्यशाळेतलं चित्र. मूळ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. बायबलमधला हा योसेफ इजिप्तमध्ये पोटीफर नावाच्या अधिकाऱ्याचा गुलाम, पण घरचा सगळा कारभार त्याच्याकडे. मालकीण मागे लागते, झगा धरते. हा झगा तिच्या हातात सोडून पळ काढतो. बरोक चित्रकारांचा हा लाडका सीन. ग्वीदो रेनी, ग्वेर्चीनो, दोघांनीही ती झटापट रंगवली. मोह टाळल्याची गोष्ट सांगायची आणि चित्र मोहात पडावं असं काढायचं, भारीच आयडिया!

माझ्या वॉलपेपरवर मात्र पुढचा प्रसंग आहे. बाई नवऱ्याला उलटंच सांगतेय आणि पुरावा म्हणून लाल झग्याकडे बोट दाखवतेय. पलंगापलीकडे योसेफ, कमरेला किल्ल्या, गप्प. बायबलमध्ये या वेळी तो तिथे असल्याचा उल्लेखच नाही. चित्रकारानं त्याला मुद्दाम आणून उभं केलंय, खोटा आळ ऐकायला. पुढे तुरुंग. बाईला नकार देणं एकवेळ सोपं हो, पण आत्ताच्या आत्ता तोंडावर उत्तर फेकायचा मोह?

नेसरीत तर हा प्रश्न अंगावरच येतो. प्रतापरावांनी १६७३ मध्ये उमराणीला बहलोलखानाला कोंडून सोडून दिलं. महाराजांचे खरमरीत शब्द जिव्हारी लागले. २४ फेब्रुवारी १६७४ ला खान समोर दिसताच मागच्या फौजेची वाट न बघता सरनौबत सहा स्वारांसह तुटून पडले. सातही जण गेले. स्मारकापुढे मान आपोआप खाली जाते. 'थांबायला हवं होतं' म्हणायची माझी तरी छाती नाही.

मित्राला चित्र दाखवलं, मेलही दाखवला. तो म्हणाला, "लेका, तो गुलाम होता. बोलून काय करणार? तुला सोमवारी त्याच्यासमोर बसून बोलता येतंय की!"

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. सीसीतली नावं तेवढी उडवलीत.