पिसांना चिकटलेला कस

मलेशिया-इंडोनेशियात पाकोळी पक्ष्याची लाळेची घरटी सूप करून खातात. भाव डोळे पांढरे करणारा! घरटं भिजवून कामगार बाया चिमट्याने एकेक पीस वेचतात. पिसांना चिकटलेला चुरा मात्र कचऱ्यात जातो. मलेशियातल्या संशोधकांनी एन्झाइम वापरून हा चुरा विरघळवला आणि त्यातली प्रथिनं, सियालिक आम्ल परत मिळवलं. म्हणजे कस चुऱ्यातही होताच, फक्त रूप नव्हतं. आता त्याचीच महागडी पावडर झाली, तर त्या वेचणाऱ्या बाईच्या पोराला काय मिळालं? माझ्या मते हा कस स्वस्तातच विकला पाहिजे. आणि आपल्या वस्तीत कुणी 'घरट्याचं टॉनिक' विकायला आलं, तर पैसे मोडू नका. सियालिक आम्ल अंड्याच्या बलकात असतं, दुधातही असतं. त्याच पैशांत पोरांना महिनाभर अंडी होतील.