अर्ध्या ओळींची गोष्ट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दोन महिने कपाटातल्या मिनी-डीव्ही कॅसेटींनी खाल्ले. विषय जरा तांत्रिक आहे, पण लग्ना-मुंजीच्या कॅसेटी तुमच्याही घरी पडून असणार, तेव्हा पाच मिनिटं माझ्या वर्गात बसाच!

माझं म्हणणं आधीच सांगतो. 'जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर करून मिळतील' म्हणतात, त्यात पुष्कळदा निम्मी हालचाल फेकून दिलेली असते. आणि आपण पैसे देऊन, आभार मानून घरी येतो.

असं का होतं? आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कॅमेऱ्यात चित्राच्या ५७६ ओळी. पण कॅमेरा त्या एकदम टिपत नाही. आधी एकाआड एक अशा २८८ ओळी, आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या २८८. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. याला 'इंटरलेस्ड' म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीसाठी काढलेली ही युक्ती. सेकंदाला पंचवीसच चित्रं दाखवली तर पडदा लुकलुकायचा, आणि पन्नास पूर्ण चित्रं पाठवायची तर प्रक्षेपणाला दुप्पट जागा लागायची. म्हणून अर्धं-अर्धं! सोलापूरकरांना हे मागावरून चटकन कळेल. ताण्याचे एकाआड एक धागे वर, धोटा इकडून तिकडे, मग उरलेले धागे वर. फरक एवढाच की इथे दोन ओळींच्या धाग्यांत वेळेचं अंतर आहे.

स्थिर वस्तूला त्याने काही होत नाही. हलती वस्तू मात्र दोन ओळींच्या मधल्या वेळात पुढे सरकलेली असते. आजचा कॉम्प्युटर दोन्ही अर्धी चित्रं एकत्र विणून दाखवतो, आणि कडांना फणीसारखे दात दिसतात.

माझ्याकडे जानेवारी २००३ची सिद्धेश्वराच्या गड्ड्याची कॅसेट आहे. सात नंदीध्वज डुलत चाललेत आणि गर्दीत पांढऱ्या बाराबंदीत आमचे दादा (वडील) हात उंचावून कुणाला तरी बोलावताहेत. वय ७७. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचं हलतंबोलतं चित्रण एवढंच, जेमतेम चाळीस सेकंद. एका दुकानातून ही कॅसेट करून आणली, तर दात नव्हते, पण दादांचा हात टप्प्याटप्प्याने उडत वर जाई. दात घालवायला दुकानदाराने प्रत्येक जोडीतलं एक अर्धं चित्र टाकून दिलेलं! दुसरीकडे दोन्ही मिसळली होती, तिथे एका हाताचे दोन पुसट हात. दादांचा हात असा नव्हता हो. शांतपणे, सलग वर जायचा.

बरोबर रीत अशी: प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र करायचं, मधल्या ओळी आजूबाजूच्या चित्रांवरून भरून. २५ऐवजी ५० चित्रं होतात आणि हालचाल जशीच्या तशी राहते. एफएफएमपेगमधलं 'याडिफ' किंवा 'बीडब्ल्यूडीफ' हे काम फुकट करतं. 'क्यूटीजीएमसी' अधिक सुंदर करतं, पण कॉम्प्युटर अगदी घाम गाळतो. नातवाने दोन आज्ञा लिहून दिल्यात, मी त्या वहीत उतरवून घेतल्या (सवय!). आधी कोणत्या ओळी, हे विचारलं तर डीव्हीसाठी 'खालच्या' सांगा. उलटं सांगितलं तर हालचाल पुढे-मागे थरथरते. आणि चित्राचा आकार त्यानंतरच बदला. आधी बदलला की दोन वेळांच्या ओळी एकमेकींत कालवतात, मग कुणालाही वेगळ्या काढता येत नाहीत.

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या सिनेमाचं मात्र निराळं. फिल्मवर प्रत्येक चित्र मुळात अखंड असतं, टीव्हीने ते दोन भागांत पाठवलेलं. तिथे दोन्ही भाग नीट जुळवले की काम झालं, नवीन काही भरावं लागत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या जुन्या कॅसेटी वेगळ्या पद्धतीच्या, ओळी ४८० आणि अर्धी चित्रं सेकंदाला जवळजवळ ६०. त्या आपल्या मापात कोंबू नका, त्यांच्या मापातच ठेवा.

हल्ली 'एआय'ने जुनं चित्रण चकचकीत करून देतात. मला ते पटत नाही. मधल्या ओळींचा अंदाज घेणं वेगळं आणि चेहराच नव्याने रंगवणं वेगळं. एका ओळखीच्यांच्या आजीला असे दात आले की ती हसली तर परकीच वाटते. धूसर असेल, पण आजी आजीच राहू दे ना!

असो. एडिटिंग करायचं ते या पन्नास चित्रांच्या प्रतीवर करा, पण कॅसेटवरून उतरवलेली मूळ फाइल पुसू नका. तासाला सुमारे १३ जीबी लागतात. आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. उद्या याहून चांगली रीत निघाली तर मूळ ओळी हाताशी हव्यात.

माझ्या अजून नऊ कॅसेटी बाकी आहेत आणि कॅमेरा मधूनच टेप ओढायला नकार देतो. नातेवाईक मंडळींपैकी कुणाच्या माळ्यावर फायरवायरची वायर आणि चालू स्थितीतला मिनी-डीव्ही कॅमेरा असेल तर कळवा. महिन्याभरात परत करीन, हवं तर बरोबर तुमच्याही कॅसेटी द्या.