गळ्याचे शास्त्र, हाताचे मौन

मराठी शिकवणाऱ्या एका मित्राने परवा एक तक्रार केली. पलूसमधल्या त्याच्या वर्गातली दोन मुले तास सुटल्यावर बराच वेळ वाद घालत बसली होती. विषय काय, तर दोन इलेक्ट्रिक गिटारींपैकी कोणत्या गिटारीची मान हाताला चांगली लागते. मित्र म्हणाला, "ही काय संगीताची चर्चा? चपलांच्या दुकानात गिऱ्हाईक बोलते तसे हे बोलणे." मला उलट वाटते. त्या दिवशी त्या महाविद्यालयात झालेली ती कदाचित सर्वांत गंभीर समीक्षा असेल. ती ऐकू येण्याची सोय आपल्या संगीतविचारात नाही, हा दोष त्या मुलांचा नव्हे.

मुले काय बोलत असतात ते आधी पाहू. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ची, गिब्सनची लेस पॉल १९५२ची. पहिलीत तारेची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच, दुसरीत पाऊण इंचाने कमी. तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे तीच तार त्याच स्वराला लावली तर लेस पॉलवर ताण सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो आणि तार ओढताना बोटाला तो फरक कळतो. जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या पट्टीचा बाक सव्वासात इंच त्रिज्येचा, लेस पॉलचा बारा इंचांचा. अधिक बाक असला की मूठ वळवून अनेक तारा एकदम दाबणे सोपे जाते. पण वरच्या पडद्यांवर तार आडवी ओढली की ती पुढच्या पडद्याला टेकून स्वर गुदमरतो. सपाट पट्टीवर हे दोन्ही उलटे होते. मानेची पाठ कधी इंग्रजी ‘सी’सारखी गोल, कधी ‘व्ही’सारखी निमुळती. व्ही आकारात अंगठा वरून वळसा घालतो, सपाट मानेवर तो मागे टेकून राहतो आणि बोटे लांब पसरतात. अंगठ्याची जागा बदलली की कोणती स्वरसंगती सहज सुचते आणि कोणती सुचतच नाही, हेही बदलते. याला रूपाचा विचार म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

आता आपल्याकडे वळू. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ (१९६१) हे तुलनात्मक समीक्षेचे उत्तम मराठी उदाहरण. घराण्यांची तुलना स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये कशी करावी आणि आवाजाचा लगाव कसा ओळखावा, हे आपण त्या पुस्तकापासून शिकलो. पण ते शास्त्र गळ्याचे आहे, आणि वाद्याविषयी लिहितानाही आपण गळ्याचीच फूटपट्टी लावतो. सतार चांगली केव्हा, तर ती गाते तेव्हा; वादकाचा गौरव ‘गायकी अंगा’चा. विलायत खाँ यांच्याविषयी हे शेकडो वेळा लिहिले गेले. परंतु त्यांनी सतारीच्या खर्जाच्या तारा काढल्या आणि डाव्या हाताची ओढ सोसावी म्हणून वाद्याची बांधणी भक्कम करून घेतली, ही गोष्ट आपण तळटीपेत टाकतो. गळा ऐकू आला. तो ज्या हाताने घडवला तो हात दिसला नाही.

पलूसहून मिरज फार दूर नाही. तून लाकडाची दांडी आणि पंढरपूरकडचा भोपळा घेऊन सतारी व तंबोरे घडवणारी घराणी तिथे दीडशेहून अधिक वर्षे काम करीत आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद सर्वांना झाला. पण मिरजेच्या वाद्यांवर जे लिहिले जाते ते वाचा: जवारी, गुंजन, नक्षी. तंबोरा लहान की मोठा हेसुद्धा गाणारा पुरुष की स्त्री, म्हणजे पुन्हा गळा कोणता, यावर ठरते. साडेतीन इंच रुंद दांडीवर, कमानदार पडद्यांवरून तार चार-पाच स्वर आडवी ओढताना बोटाच्या पेराचे काय होते, दांडीच्या पाठीची गोलाई अंगठ्याला कशी लागते, याची चर्चा कारागीर आणि वादक यांच्यात होते आणि तिथेच विरते. ती ग्रंथात येत नाही, अभ्यासक्रमात तर नाहीच.

याचे एक मूळ पलूसशीच जोडलेले आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूसचे म्हणून पलुस्कर. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विद्या घराण्याच्या ओसरीवरून वर्गात आणण्यासाठी त्यांनी स्वरलिपी सिद्ध केली. हे ऋण न फिटणारे आहे. पण कोणतीही लिपी काही टिपते आणि काही सोडते. पलुस्करांची काय, भातखंड्यांची काय, दोन्ही लिप्या कोणता स्वर आणि किती काळ, एवढे सांगतात. युरोपात सोळाव्या शतकात ल्यूटसाठी जी लिपी छापली जाऊ लागली ती स्वराचे नाव सांगत नाही. कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे ते सांगते. आजची गिटारवादक मुले तिचीच वंशज लिपी वाचतात. त्यांच्या साक्षरतेत हात आहे, आपल्या साक्षरतेत तो नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की ही चर्चा म्हणजे शुद्ध ग्राहकवाद. त्यात तथ्य आहे. मानेचे गुणगान पुष्कळदा विक्रीचेच असते. पण पुस्तकांचे मलपृष्ठही विक्रीसाठीच लिहिलेले असते, म्हणून आपण समीक्षा सोडत नाही. दुसरा आक्षेप अधिक घातक आहे: सुख कसले शोधता, बोट कापले गेल्याशिवाय विद्या येत नाही. घट्टे पडणारच, हे खरे. पण रियाजाचे कष्ट वेगळे आणि मापात न बसणाऱ्या वाद्याने दिलेली दुखापत वेगळी. लहान हाताच्या मुलीला मोठ्या माणसाच्या मापाची सतार द्यायची आणि तिने सोडली की ‘चिकाटी नव्हती’ म्हणायचे, यात साधना नाही, निष्काळजीपणा आहे. किती जणी अशा गळाल्या याची नोंद नाही, कारण त्यांची तक्रार मांडायला शब्दच नव्हते.

हेगेलने कलेचा प्रांत डोळा आणि कान यांच्यापुरता ठेवला आणि स्पर्शाला बाहेर बसवले. आपण वर्गात त्याच्याशी अनेक बाबतीत भांडतो. ही एक वाटणी मात्र निमूट स्वीकारली आहे. पलूसची ती दोन मुले ती स्वीकारत नव्हती. ‘बोथट’, ‘चिकट’, ‘मुठीत बसते’, ‘अंगठा अडतो’ असे शब्द ती वापरत होती. मित्राने त्यांना गप्प करण्याऐवजी मिरजेच्या एखाद्या कारखान्यात न्यावे आणि सतारीच्या दांडीविषयी कारागिराशी तसेच बोलू द्यावे. तिथे जे शब्द निघतील ते लिहून घ्यायला मराठीचा एक प्राध्यापक सोबत असलेला बरा.