न आलेल्या किडीचा हिशेब

विदर्भातल्या एखाद्या कापूस उत्पादकाला मेक्सिकन सोंड्या भुंग्याबद्दल विचारून पाहा. बहुधा त्याने नावही ऐकलेले नसेल. अमेरिकेत मात्र नखाएवढ्या या भुंग्याने कापूसवाल्यांच्या दोन पिढ्या रडवल्या. लांब सोंडेने पाती आणि कोवळी बोंडे टोचायची, आत अंडी घालायची, की पाते गळून खाली पडते. १८९२ च्या सुमारास हा भुंगा मेक्सिकोतून टेक्सासात शिरला आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याने अमेरिकेचा बहुतेक कापूसपट्टा व्यापला. भारतात तो आजवर आलेला नाही. १९०६ साली मुंबईच्या बंदरावर अमेरिकी कापसाच्या गाठींना विषारी वायूची धुरी देणे सक्तीचे झाले, ते याच भुंग्याच्या भीतीने. आपल्याकडच्या वनस्पती क्वारंटाइनची सुरुवात तिथून धरतात. पुढे १९१४ साली विनाशकारी कीड व रोग कायदा झाला.

आता दुसरी कीड घ्या. गुलाबी बोंडअळी, जुने शेतकरी जिला शेंदरी बोंडअळी म्हणतात. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात झाले, ते भडोचच्या कापसावरून. ही अळी सरकीत शिरून, दोन बिया एकत्र सांधून महिनोन्‌महिने निपचित पडून राहते. १९०६-०७ च्या सुमारास भारतातून इजिप्तला गेलेल्या सरकीबरोबर ती तिकडे पोचली. इजिप्तच्या सरकीतून १९११ मध्ये मेक्सिकोला गेली आणि १९१७ मध्ये टेक्सासला. अमेरिकेने तिच्याशी शंभर वर्षे झुंज घेतली आणि २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्याच्या आदल्याच हंगामात तिने यवतमाळपासून जळगावपर्यंत बोंडे पोखरून काढली होती.

एक कीड आपल्याकडे आली नाही, एक आपल्याकडून जगभर गेली. कोकणातले बागायतदार, वाशीचे निर्यातदार आणि वर्तमानपत्रांत लिहिणारे आमचे काही मित्र ‘क्वारंटाइन म्हणजे गोऱ्यांनी उभारलेली भिंत’ असे म्हणतात, तेव्हा या दोन किडी मला आठवतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे आणि तो मी नाकारणार नाही. पण त्या अंशावरून ते जो निष्कर्ष काढतात, तो शेतकऱ्याच्याच मुळावर येणारा आहे.

आधी त्यांची बाजू पुरेशा जोराने मांडू. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला आणि त्याबरोबर वांगी, कारली, पडवळ व अळू यांना दार बंद केले. ऐन हंगाम, हापूसच्या पेट्या भरलेल्या, लंडनचे ग्राहक वाट पाहत असलेले. जपानने १९८६ मध्ये फळमाशीचे कारण देऊन आपला आंबा थांबवला, तो २००६ पर्यंत. अमेरिकेचे दार १९८९ पासून बंद होते, ते २००७ मध्ये उघडले. त्याच सुमारास अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचा भारतात येण्याचा मार्गही मोकळा झाला. हे पाहून कुणी म्हटले, की कीड हे निमित्त आहे, खरा मामला देवघेवीचा आहे, तर त्याला वेडा म्हणता येत नाही.

पण युरोपच्या बंदीचे पुढे काय झाले, हे सांगायला टीकाकार विसरतात. २०१३ या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत युरोपच्या तपासनिसांना कीड सापडली होती. ती कुणी तिकडे नेऊन सोडलेली नव्हती, आपल्या पेट्यांतूनच गेली होती. भारताने एप्रिल २०१४ पासून युरोपला जाणारा भाजीपाला व फळे मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच, क्वारंटाइन अधिकाऱ्याच्या तपासणीनंतरच पाठवण्याची सक्ती केली. आंब्यासाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवण्याची प्रक्रिया किंवा बाष्पाची प्रक्रिया आली. जानेवारी २०१५ मध्ये युरोपने आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय घेतला, ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी. निव्वळ व्यापारी भिंत असती तर ती आपल्या गरम पाण्याने विरघळली नसती. गरम पाण्याने हापूसच्या पिकण्यावर आणि चवीवर परिणाम होतो, ही रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांची तक्रार खरी आहे. तिचे उत्तर मात्र बाष्पप्रक्रियेची केंद्रे वाढवण्यात आणि हापूसला मानवेल असे तापमान आपल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगाने सिद्ध करण्यात आहे. नियम नकोत म्हटल्याने आंब्याची चव सुधारत नाही.

शिवाय ही भिंत म्हणायची तर आपणही ती बांधतो. २०१७ मध्ये भारताने चीनची सफरचंदे आणि नाशपाती थांबवली. डिसेंबर २०२१ मध्ये इराणच्या किवीला बंदी केली. दोन्ही वेळा कारण एकच, आलेल्या मालात वारंवार सापडलेली कीड. तेव्हा काश्मीर-हिमाचलच्या बागायतदारांनी या निर्णयाचे स्वागत केले आणि ते रास्तच होते. किन्नोरच्या सफरचंदाला जो पहारा हवा, तोच स्पेनच्या टोमॅटोला हवा असणार. एकाच नियमाला आपल्या दारात ‘संरक्षण’ आणि दुसऱ्याच्या दारात ‘कारस्थान’ म्हणण्याने आपला युक्तिवाद जिनिव्हात टिकत नाही.

जिनिव्हा म्हणजे जागतिक व्यापार संघटना. तिथे १९९५ पासून लागू असलेल्या वनस्पती व प्राणी आरोग्यविषयक कराराने देशाला आपले पीक वाचवण्याचा पूर्ण हक्क दिला आहे. अट एवढीच, की निर्बंधाला शास्त्रीय आधार दाखवला पाहिजे. ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडच्या सफरचंदांवर १९२१ पासून बंदी घातली होती, फायर ब्लाइट या जीवाणूजन्य रोगाच्या भीतीने. न्यूझीलंडने दाद मागितली. पिकलेल्या, स्वच्छ सफरचंदातून हा रोग पसरण्याचा धोका नगण्य आहे, हे पुराव्यानिशी मांडले आणि २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध निकाल लागला. नव्वद वर्षांची बंदी प्रयोगशाळेतल्या कामाने उठली. आपल्या आंब्यावर, डाळिंबावर अन्याय होत असेल तर लढण्याची रीत ही आहे. फळमाशी कोणत्या तापमानाला किती मिनिटांत मरते, कोणत्या तालुक्यात ती कोणत्या महिन्यात दिसते, याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवणारे मनुष्यबळ त्यासाठी लागते. ते उभे करणे कष्टाचे आहे म्हणून आपण अग्रलेख लिहितो.

दुसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो. ‘आम्ही तोच आंबा खातो, आम्हाला काय होते?’ खाणाऱ्याला काहीच होत नाही, हे शंभर टक्के खरे. औषधाचा अंश आणि जिवंत कीड या दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत इथे होते. द्राक्षावरच्या रसायनाचा अंश हा खाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. फळमाशीची अळी, कोयीतला भुंगा हा खाणाऱ्याच्या शेजारच्या बागेचा प्रश्न आहे. फळ खाऊन कोय परसात टाकली की आतला भुंगा बाहेर पडतो आणि तिथल्या आंब्याच्या झाडाला शोधतो. म्हणून अमेरिका आंब्याला किमान ४०० ग्रेचा किरणोपचार मागते. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रातून २००७ मध्ये आंबा तिकडे गेला तो अशा उपचारानंतर.

हा मुद्दा पटत नसेल तर खापरा भुंगेऱ्याचे उदाहरण घ्या. धान्यातली ही कीड मूळची आपल्या उपखंडातली, तिचे नावही आपलेच. अळी भिंतीच्या भेगेत अन्नावाचून वर्षानुवर्षे टिकते. १९५३ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या गोदामांत आढळली आणि तिला घालवायला दहा-बारा वर्षे आणि कोट्यवधी डॉलर लागले. न्यू जर्सीत राहणाऱ्या लेकीकडे जाताना सामानात घातलेला आंबेमोहोर तिथल्या विमानतळावर काढून घेतात, तेव्हा आईला अपमान वाटतो. माझ्या मावशीच्या बाबतीत हे घडले आणि ती बिचारी रडली होती. तिच्या तांदळात कीड नव्हती, ही माझीही खात्री आहे. पण तपासनिसाला प्रत्येक पिशवीत डोकावून अंडी शोधता येत नाहीत. त्याला देश पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त वाटतो. कीड वाऱ्यावर उडून येते, तिला शिक्का-मोहोर कोण विचारतो? २०१८ मध्ये शिवमोग्ग्यात प्रथम दिसलेली आणि काही महिन्यांत सोलापूरच्या मक्यापर्यंत पोचलेली अमेरिकन लष्करी अळी हा त्यांचा हुकमी पुरावा. तिचा पतंग एका रात्रीत लांबचा पल्ला गाठतो. एकदा देशात शिरल्यावर तिला कोणताही तपासनाका थांबवू शकत नव्हता, हे मान्य. पण टोमॅटोची टुटा अळी पाहा. दक्षिण अमेरिकेतली ही कीड २००६ मध्ये स्पेनमध्ये सापडली. एवढासा पतंग अटलांटिक महासागर उडून ओलांडत नाही, माणसाच्या मालाबरोबर तो ओलांडतो. २०१४ मध्ये पुण्याच्या परिसरात ती आढळली. पपईवरचा पिठ्या ढेकूण तर मादीला पंखही नसलेली कीड. मूळची मध्य अमेरिकेतली, २००८ मध्ये कोइमतूरला दिसली, दोन वर्षांत तमिळनाडू आणि महाराष्ट्रातल्या पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या. बिनपंखांच्या किडीला सात समुद्र पार कुणी आणले, याचे उत्तर वाऱ्याकडे नाही.

त्या ढेकणाची गोष्ट इथेच संपत नाही. त्याच्यावर जगणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून बंगळुरूला आणली गेली. ती आणतानाही परवाना लागला, बंद प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या, इतर उपयुक्त कीटकांना तिचा धोका नाही याची खात्री केली गेली आणि मगच तिला शेतात सोडले. काही महिन्यांत ढेकूण आटोक्यात आला. गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८० च्या दशकात असेच चाचण्या पार करून आले, आणि आज आपली कृषी विद्यापीठे ते शेतकऱ्यांना देतात. क्वारंटाइन परदेशी जीव रोखते तसे हवे ते जीव सुखरूप आतही आणते, हे टीकाकारांच्या हिशेबात कधी येत नाही.

टीकाकार जिथे बरोबर आहेत, तिथे मी त्यांच्या बाजूने उभा आहे. मे २०२५ मध्ये किरणोपचार झालेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेने कागदपत्रातल्या त्रुटीवरून नाकारल्या. निर्यातदारांचे म्हणणे होते, की नोंदीतली चूक त्यांची नव्हती. फळ परत आणणे परवडण्याजोगे नव्हते, ते तिथेच नष्ट करावे लागले. उपचार झालेला आंबा एका अर्जापायी मातीत जातो, तेव्हा त्यात पिकाचे संरक्षण कुठेच नसते. अशी चूक दुरुस्त करायला चोवीस तासांची मुदत मिळावी, हा आग्रह भारताने धरलाच पाहिजे. आपल्याही बाजूला असे दोष आहेत. बाहेरून येणाऱ्या कडधान्याला निघण्याच्या बंदरावरच मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी, अशी आपली अट. ओझोनच्या थराला घातक म्हणून जग हा वायू बाद करत चाललेले. कॅनडाच्या वाटाण्याला मग आपण सूट द्यायची आणि मुदत संपत आली की ती पुन्हा वाढवायची, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. नियम आवश्यक असेल तर सूट कशाला, आणि सूट निर्धोक असेल तर नियम कशाला? अशा धरसोडीमुळे तूर-हरभऱ्याच्या शेतकऱ्याला वाटते की कीड हे निमित्त आहे आणि भाव हे कारण. धुरीचा निर्णय डाळीच्या भावावर ठरू लागला, की शिवडीच्या क्वारंटाइन केंद्रात सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या माणसाच्या अहवालाला काही किंमत उरत नाही.

म्हणून माझी मागणी टीकाकारांच्या अगदी उलट आहे. क्वारंटाइन सैल करू नका, ते खरे करा, आणि सुरुवात घरापासून करा. २००३ चा आयात आदेश चांगला आहे, कीड-जोखमीचे विश्लेषण त्याने बंधनकारक केले. पण तो ज्या कायद्याच्या पायावर उभा आहे, तो १९१४ चाच. त्याच्या जागी आणलेले कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि लोकसभेची मुदत संपली तसे तेही संपले. शेतकऱ्यांच्या एकाही मोर्चात त्याच्यासाठी घोषणा झालेली मी ऐकली नाही. हमीभावासाठी रस्त्यावर येणाऱ्या संघटनांनी हा विषय हाती घ्यायला हवा होता.

कोकणात फळमाशीशी लढाई पॅकहाऊसच्या कितीतरी आधी, बागेत जिंकता येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा नर माश्यांना ओढून मारतो. गळलेली फळे गोळा करून खोल पुरली तर अळ्यांची पुढची पिढी थांबते. मात्र एकट्या बागायतदाराने सापळे लावून भागत नाही. शेजारच्या बागेतली माशी येतेच. अख्ख्या गावाने एकाच आठवड्यात सापळे लावले तरच उपयोग होतो.

आणि डाळिंब. सोलापूर, सांगोला, मालेगाव, सटाण्याच्या ज्या बागायतदारांनी तेल्या पाहिला आहे, त्यांना हे पटवायला मला फार शब्द लागणार नाहीत. फळावर तेलकट काळे डाग, मग तडा, मग बाग काढून टाकणे. तो जीवाणू परदेशी मालातून आला नाही. तो रोगट झाडावर बांधलेल्या गुटीतून एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेला, टेम्पोत रचलेल्या रोपांबरोबर. युरोपच्या तपासनिसाला आपण बोल लावतो, पण आपल्याच गावच्या रोपवाटिकेत मातृवृक्षाची तपासणी कधी झाली, हे रोपे घेताना आपण विचारत नाही. आता थायलंड-व्हिएतनामातून ड्रॅगन फ्रूटचे आणि ॲव्होकॅडोचे नवे वाण आणण्याची घाई सुरू आहे. विमानाने येणाऱ्याच्या सामानात ओल्या कापडात गुंडाळलेल्या काड्या येतात आणि रोपवाटिकेत त्यांची हजारो रोपे होतात. रीतसर आणलेल्या रोपाला परवाना, आरोग्य प्रमाणपत्र आणि इथे पोचल्यावर देखरेखीखालचा ठरावीक काळ लागतो. तो काळ वाचवायला म्हणून ही काडी लपवून आणली जाते. ती आणणारा माणूस बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो, शिकलेला आणि हौशी. त्या काडीच्या सालीखाली काय आहे, हे त्याला ठाऊक नसते, आणि शेजारच्या बांधावरच्या माणसाला तर ती काडी आल्याचेही कळत नाही.