काम कायम, कामगार तात्पुरता
‘ब्रेक’च्या प्रथेविरुद्ध पुणे शहर आणि भोवतालच्या औद्योगिक पट्ट्यातील नागरिकांना आवाहन

29 कामगार कायदे मोडीत काढून तयार केलेल्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 रोजी देशभर लागू झाल्या. त्याआधी 3 सप्टेंबरला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा 115 तासांवरून 144 तासांवर नेण्यास मान्यता दिली होती. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी भारतीय श्रम परिषद 2015 नंतर एकदाही भरलेली नसताना हे सारे उरकण्यात आले. याविषयीचा संताप पुणेकर कामगाराला कोणी शिकवण्याची गरज नाही. मात्र या संतापाच्या गदारोळात जी एक प्रथा नेहमी निसटून जाते आणि जिच्यामुळे संघटनेचा हक्क कायदा बदलण्याआधीच निर्जीव झाला होता, त्या ‘ब्रेक’च्या प्रथेचा विचार येथे करायचा आहे.

‘ब्रेक’ म्हणजे काय हे चाकण, भोसरी, रांजणगाव येथे खोली करून राहणाऱ्या प्रत्येक तरुणाला ठाऊक आहे, पण शहराच्या सुखवस्तू भागांत ते समजावून सांगावे लागते. औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 नुसार बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा एक वर्ष सलग मानली जाई आणि त्याला कामावरून कमी करताना नोटीस व भरपाई द्यावी लागे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नेमणूक, रजा, शिस्त आणि बडतर्फी यांविषयीच्या लेखी नियमांत, याच 240 दिवसांनंतर तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. त्यावर शोधलेला तोडगा असा की, कामगाराला सात महिन्यांनी, म्हणजे साधारण 212व्या दिवशी, घरी पाठवायचे. एका माणसाचे अख्खे स्थैर्य अशा रीतीने 28 दिवसांसाठी हिरावले जाते. नेमणूकपत्राच्या एकाच पानावर रुजू होण्याची आणि सेवा संपण्याची अशा दोन्ही तारखा छापलेल्या असतात, गेटपासवर फोटोखाली त्यांतली दुसरी तारीख असते, आणि त्या दिवशी पाळी सुटताना सुरक्षा चौकीत पास, हेल्मेट आणि सेफ्टी शूज जमा करून घेतले जातात. दुसऱ्या दिवशी त्याच लाइनवर, त्याच मशीनपुढे लातूर, बीड किंवा नांदेडहून आलेला, आयटीआय झालेला दुसरा मुलगा उभा राहतो. मशीनला ब्रेक मिळत नाही आणि मागणीलाही मिळत नाही. काम कायमचेच असते, तात्पुरता ठरतो तो फक्त कामगार.

या प्रथेने पगार बुडतो हे उघड आहे, पण तिचा खरा घाव संघटनेवर पडतो. कामगार संघटनांना मान्यता देण्यासाठी आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्यासाठी महाराष्ट्राने 1971 साली केलेल्या कायद्यात मान्यता मागणाऱ्या संघटनेकडे आधीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगारांचे सदस्यत्व असावे, अशी अट होती. ज्याचे कारखान्यातील अवघे आयुष्य सात महिन्यांचे, त्याने सहा महिने सदस्य कसे राहावे? पहिल्या महिन्यात काम शिकायचे, दुसऱ्यात ओळखी व्हायच्या, तिसऱ्यात युनियनची पावती फाडली तर पुढच्या कारखान्याच्या गेटवर ‘हा युनियनवाला’ अशी खबर आधीच पोहोचेल की काय, या धास्तीत उरलेले चार महिने काढायचे. वर्षानुवर्षे कामगाराला मुद्दाम तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा असल्याचे हाच कायदा सांगतो, आणि ‘वर्षानुवर्षे’ हा शब्द चुकवण्यासाठीच दर सात महिन्यांनी माणूस बदलला जातो.

सुधारणेच्या नावाने आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही लबाडी बंद करायला हवी होती. तिने उलट तिला राजमान्यता दिली. ‘निश्चित मुदतीची नोकरी’ या नव्या प्रकारात मुदत संपली की सेवा संपते आणि ती कामगार कपात मानली जात नाही. शिवाय मुदत किमान किती असावी आणि ती किती वेळा वाढवावी, यावर कसलेही बंधन नाही. जी गोष्ट काल चोरवाटेने करावी लागे, तिच्यासाठी आज हमरस्ता बांधून दिला आहे.

आता याच संहितेतील 51 टक्क्यांचे गणित पाहावे. एका कारखान्यात एकाहून अधिक संघटना असतील, तर हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच एकमेव वाटाघाटी करणारी संघटना ठरते. समजा, एका कारखान्यात 1,000 माणसे राबतात. देशातील संघटित कारखान्यांत दर पाचांपैकी दोन कामगार ठेकेदारामार्फत लागतात, त्या हिशेबाने 400 जण ठेकेदाराच्या पटावर गेले. उरलेल्या 600 पैकी निम्मे मुदतीचे असतील, तर कायम कामगार 300 उरतात आणि 51 टक्क्यांसाठी 306 लागतात. एकूण एक कायम कामगार सदस्य झाला, तरी संघटना सहा माणसांनी हरते. मग व्यवस्थापनाच्या मर्जीतली दुसरी संघटना 20 टक्क्यांवर, म्हणजे केवळ 120 सह्यांवर, वाटाघाटी परिषदेत खुर्ची मिळवते. आणि या सह्या ज्यांच्या नोकरीची मुदत व्यवस्थापनाच्या हाती आहे, त्यांच्याकडून मिळवणे अवघड नाही.

यावर सांगितले जाते की, मुदतीच्या कामगाराला समान वेतन आणि एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळणार आहे. तरतूद चांगली आहे, परंतु ज्यांना 240 दिवस चोख मोजता आले, त्यांना 365 दिवस मोजता येणार नाहीत असे मानणे भाबडेपणाचे आहे. बारा तासांच्या कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, हे दुसरे समाधान तर संतापजनक आहे: गेटपासवर शेवटची तारीख छापलेला माणूस ‘नाही’ कोणत्या बळावर लिहिणार?

सर्वांत घासून गुळगुळीत झालेला आक्षेप म्हणजे, युनियनमुळे मुंबईच्या गिरण्या बुडाल्या. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, हे सांगणारे त्यामागचा कायदा कधीच सांगत नाहीत. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, 1946 ने कापडधंद्यात एकाच संघटनेला प्रातिनिधिकतेचा मक्ता दिला होता आणि कामगारांनी तिच्याकडे पाठ फिरवली, तरी बोलणी तिच्याशीच होत राहिली. कामगारांचा विश्वास असलेल्या संघटनेला टेबलाशी जागा नाकारली, की तंटा चिघळतो, हा त्या संपाचा धडा आहे.

तात्पुरत्या माणसांची संघटना बांधताच येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या मार्केट यार्डात जावे. ज्याला एक मालक नाही, नेमणूकपत्र नाही, महिन्याचा पगार नाही, असा पाठीवर पोती वाहणारा हमाल डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीत संघटित झाला. 1969 च्या माथाडी कायद्याने अशा श्रमिकांसाठी मंडळे स्थापली, त्यांत कामगाराची नोंद होते, व्यापारी मजुरीबरोबर लेव्ही भरतो आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळते. मालक बदलले तरी नोंद टिकते, आणि नोंद टिकली की संघटना टिकते. रोज वेगळ्या दुकानाचा माल उचलणाऱ्याला जे शक्य झाले, ते रोज एकाच लाइनवर उभे राहणाऱ्याला अशक्य ठरवणे, ही केवळ बदनियत आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. कायम स्वरूपाच्या कामावर मुदतीची नेमणूक होऊ नये. एका जागेवर ओळीने माणसे बदलली, तर त्या जागेची एकूण सेवा मोजून ती कायम जागा मानावी. ठेकेदाराच्या पटावरील माणसालाही, तो जेथे राबतो तेथील संघटना निवडण्याच्या गुप्त मतदानात मत असावे. संघटना स्थापण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 19 ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे, आणि त्यावर सात महिन्यांची मुदत कोठेही छापलेली नाही.