आपल्याच काठावरचे दगड

मध्य प्रदेशाच्या मराठीभाषक सीमेवरील पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. पात्रात पळसाचे झाड रोवलेले, आणि दोन्हीकडून दगडांचा वर्षाव! त्या खेळात निदान दगड समोरून येतो. चळवळींत मात्र वर्मी लागणारा दगड पुष्कळदा आपल्याच काठावरून येतो. बायर्ड रस्टिन यांचे चरित्र याची साक्ष देते.

१९१२ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यावर आजीने क्वेकर पंथाचे संस्कार केले. मानवमात्र एका कुटुंबातील आणि हिंसा त्याज्य, ही ती शिकवण. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा नाकारून त्यांनी तुरुंगवास पत्करला. १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, ते भारतात आले व गांधीजींच्या अनुयायांना भेटले. पुढे १९५६ साली माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराच्या वेळी ते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे गेले, तेव्हा किंग यांच्या घरात संरक्षणासाठी बंदुका होत्या. अहिंसा ही जीवननिष्ठा म्हणून किंग यांच्या मनात रुजविण्यात रस्टिन यांचा वाटा मोठा होता.

परंतु रस्टिन समलिंगी होते आणि ते लपवीत नसत. याच कारणावरून १९५३ साली कॅलिफोर्नियात त्यांना साठ दिवसांची कैद झाली. १९६० साली एका कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीनेच खोट्या बदनामीची धमकी दिली, तेव्हा रस्टिन बाजूला झाले आणि किंग यांनी त्यांना जाऊ दिले. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे प्रमुखपदही सहकाऱ्यांच्या भीतीपोटी त्यांना नाकारले गेले. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी ते नाव स्वतःकडे घेऊन रस्टिन यांना सहायक नेमले, म्हणून अडीच लाखांचा तो मोर्चा शिस्तीने पार पडला. सिनेटमध्ये विरोधकाने रस्टिन यांची निर्भर्त्सना केली, तेव्हा मात्र नेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

१९८७ साली ते निवर्तले. राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक २०१३ साली मिळाले आणि कॅलिफोर्नियाची माफी २०२० साली. ज्याचा अपराधच नव्हता, त्यास ही माफी!

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहू दिले नाहीत. न्यायालयाने आपला दगड खाली ठेवला. घरांत, संस्थांत, पक्षांत तो अजून कित्येकांच्या मुठीत आहे. समतेची घोषणा देणाऱ्यांनी आधी स्वतःची मूठ उघडून पाहावी, असे आम्हांस वाटते.